शिल्लक साडेतीन तास

इंगा फ्लेट एका आठवड्यात सोम, मंगळ, बुध,
पुढच्यात गुरु, शुक्र.
मधले दिवस थोरा रेंडलचे.
दोघींची खुर्ची एक, कप वेगळे.
थोरा उंच, आली की दांडी ओढून खुर्ची वर घेते,
इंगा आली की खाली.
त्या दांडीपुरतीच काय ती दोघींची ओळख.

कर्कवॉलच्या या कचेरीत रजांचा हिशेब माझ्याकडे.
आठवड्याचे सरासरी अडीच दिवस,
म्हणून वर्षाचे चौदा,
सात तासांचा दिवस धरून अठ्ठ्याण्णव तास.
सरकारी सोमवारही त्यातूनच कापायचे,
ज्या बाईच्या पाळीत पडेल तिच्या खात्यातून.
यंदा मेमधले दोन्ही थोराला लागले.
तिने माझ्या टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवली:
ही सुट्टी मी मागितली नव्हती.

इंगासाठी मी एक युक्ती शोधली होती.
बुधवारी काम संपलं की पुढच्या गुरुवारपर्यंत ती तशीही मोकळी.
त्या गुरुवारपासून पाच दिवसांची रजा टाकायची,
मधले शनिवार-रविवार आपोआप आत येतात,
मागचे सात, पुढचे सात,
सलग एकवीस!
पाच देऊन एकवीस.
चौदा वर्षांत इतकी कायदेशीर चोरी
माझ्या हातून झाली नव्हती.
मी कागद तिच्यापुढे सरकवला,
थोडासा ऐटीतच.

तिने पेन्सिल घेतली,
दोन्ही सातांभोवती गोल काढले.
हे मोकळे नाहीत, म्हणाली.
हे वेस्ट्रीचे. एक आठवडा एरलेंड, एक मी.
बाबांना भरवायचं, कूस बदलायची,
रात्री ते उठून बोट कुठंय विचारतात
तेव्हा दिवा लावून सांगायचं,
धक्क्याला लागलीय, दोर घट्ट आहे.
मग पेन्सिल परत ठेवत,
भाव विचारावा तशी:
यातली मिळते का हो रजा?

मी नियमावली उघडली.
उत्तर ठाऊक असताना पानं उलटण्यात
माझा हात चांगला बसलाय.
रजा फक्त कामाच्या दिवसातूनच वजा होते.
ज्या दिवशी तुम्ही इथे नसता
त्या दिवशी तुम्ही कुठेच नसता,
असं छापलेलं नाही. अर्थ तोच.

सुट्टी तिला होतीच, पंधरवड्याला सात दिवस.
रजा निराळी.
रजेत 'जा' असतं,
कुणीतरी म्हणावं लागतं ते.

मग वर्षभर तिचे तास
भलत्याच वाटांनी गेले.
वाऱ्याने बोट सुटली नाही, ती पलीकडेच अडकली: सात.
पुन्हा वारा: सात.
बाबांना विमानाने ॲबर्डीनला न्यायचं: एकवीस.
एरलेंडची पाठ धरली: चौदा.
एकदा फक्त साडेतीन, दातासाठी,
तो अर्ज वाचून मला उगाच बरं वाटलं.

मार्चचा शेवटचा बुधवार. शिल्लक साडेतीन.
एकतीस तारखेला न वापरलेलं सगळं पुसलं जातं,
याची आठवण मी तिला दोनदा पाठवली होती.
एक वाजता तिने कोट घातला.
कारणाचा रकाना कोरा.
मी म्हटलं, जा.
ऐकू गेलं की नाही कोण जाणे,
दार वाऱ्याने स्वतःच आपटलं.

माझ्या खिडकीतून धक्का दिसतो.
बोटीच्या रांगेत तिची गाडी पहिली,
मागे तीन तास कुणीच नाही.
सीट पाठीमागे टाकलेली,
काचेवर आतून वाफ धरलेली,
गारा आल्या, गेल्या,
वायपर हलला नाही.

साडेचारला बोटीने भोंगा दिला.
थोड्या वेळाने गाडीचे दिवे लागले.

मी नोंद केली. शिल्लक: शून्य.
एप्रिलपासून पुन्हा अठ्ठ्याण्णव.
यंदा त्या दोन सोमवारांपैकी
एक इंगाला लागतोय.